फीकलचा पारंपरिक आयरिश संगीत महोत्सव : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर काउंटीत फीकल नावाचे एक छोटे गाव आहे. १९८८ साली तिथे सुरू झालेला पारंपरिक संगीताचा महोत्सव ऑगस्टच्या पूर्वार्धात पाच-सहा दिवस चालतो. डब्लिन-लंडनमध्ये नोकरीनिमित्त राहणारे आणि पुण्या-मुंबईहून सहल आखणारे ओळखीचे लोक या महोत्सवाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

एवढ्या लहान गावात संगीत महोत्सव कसा काय भरतो?

गाव खरोखरच लहान आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला दहा मिनिटे पुरतात. पण पूर्व क्लेअरचा हा डोंगराळ, पाणथळ पट्टा फिडलवादनासाठी, म्हणजे तिथल्या व्हायोलिनवादनासाठी, शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखला जातो. पी. जो हेज आणि पॅडी कॅनी हे दोन मोठे फिडलवादक याच परिसरातले. १९४६ साली शेजारच्या टल्ला गावाच्या नावाने जो नाचाचा वाद्यवृंद उभा राहिला, त्या टल्ला केली बँडशी या दोघांचेही नाव कायमचे जोडलेले आहे. पी. जो हेज यांचे चिरंजीव मार्टिन हेज यांनी हीच घरची चाल पुढे जगभरातल्या मोठ्या रंगमंचांवर नेली. त्यामुळे महोत्सवासाठी कलाकार शोधायला गावाला फार लांब जावे लागत नाही. पाहुणे कलाकार दूरदूरहून येतात हे खरे, पण त्यांच्या शेजारी बसून वाजवणारा माणूस पुष्कळदा सकाळी गाईंचे दूध काढून आलेला असतो.

आयर्लंडमधला सर्वांत मोठा महोत्सव सोडून इथे का जावे?

सर्वांत मोठा मेळा म्हणजे ‘फ्ला क्योल’. तो १९५१ साली मलिंगार गावात पहिल्यांदा भरला, आणि आता दर ऑगस्टमध्ये एखाद्या शहरात काही लाख लोक त्यासाठी जमतात. तिथे स्पर्धा असतात, मिरवणुका असतात, रस्त्यारस्त्यावर लहान मुले अप्रतिम वाजवताना दिसतात, आणि एकदा तरी तो सोहळा पाहावा असे मी म्हणेन. पण पहिल्याच भेटीत तिथे गेल्यास गर्दीतून वाट काढण्यातच दिवस संपतो आणि कानावर एकाच वेळी चार ठिकाणचे संगीत आदळत राहते.

क्लेअरच्याच पश्चिम किनाऱ्यावर मिलटाउन मालबे येथे पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने जुलैच्या सुरुवातीला नऊ दिवसांची संगीतशाळा भरते. क्लॅन्सी १९७३ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी ही शाळा सुरू झाली. ज्यांना गंभीरपणे शिकायचे आहे त्यांनी तिथे अवश्य जावे. मात्र ज्याला ऐकायचे आहे, ओळखी करून घ्यायच्या आहेत आणि काल रात्री ज्याला ऐकले त्याच माणसाला सकाळी दुकानात भेटून दोन शब्द बोलायचे आहेत, त्याच्यासाठी फीकलसारखा लहान महोत्सव अधिक चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या दिवशी लोक आपल्याला चेहऱ्याने ओळखू लागतात, आणि त्यानंतरचे ऐकणे वेगळ्याच जवळिकीचे असते.

‘सेशन’ म्हणजे नेमके काय? ती मैफल समजावी का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पबच्या कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती चार-पाच जण येऊन बसतात. व्यासपीठ नसते, ध्वनिक्षेपक नसतो, निवेदन नसते. कोणी फिडल काढून कानाजवळ धरून सूर जुळवतो. एखाद्या वयस्कर बाई कॉन्सर्टिनाच्या षट्कोनी पेटीचे पट्टे पंजांवर ओढून घेतात आणि मांडीवर तिचा एक कोपरा टेकवतात. थोडा वेळ गप्पा चालतात, चहा येतो, पेले येतात, आणि त्या गप्पांच्या मधूनच कोणीतरी एक सुरावट सुरू करतो. ज्यांना ती येते ते दोन-तीन स्वरांतच तिला येऊन मिळतात आणि ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. एक सुरावट साधारण तीन वेळा वाजवली की मूळ सुरू करणारा माणूस भुवई उंचावतो किंवा ‘हप्’ असा हलकासा आवाज काढतो, आणि सगळे एका क्षणात दुसऱ्या सुरावटीवर जातात. अशा दोन-तीन सुरावटींचा मिळून एक ‘सेट’ होतो. तो संपला की पुन्हा गप्पा सुरू होतात. त्या गप्पा हाही सेशनचाच भाग आहे, त्यामुळे दोन सेटमधली शांतता लांबली म्हणून अस्वस्थ होऊ नये.

आपल्याकडे बैठकीत कलाकार श्रोत्यांकडे तोंड करून बसतो. इथे वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि श्रोत्यांना बऱ्याचदा त्यांच्या पाठीच दिसतात. सुरुवातीला हे खटकते. पण ते आपल्यासाठी नव्हे तर एकमेकांसाठी वाजवत आहेत आणि आपल्याला शेजारी बसू दिले आहे, हे लक्षात आले की त्या पाठींचा राग येत नाही.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी हे संगीत मुख्यतः घराघरांतल्या नाचांसाठी वाजत असे. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचगृहांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला गेला आणि ती परंपरा क्षीण झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामाच्या कामासाठी लंडनला गेलेले आयरिश मजूर कॅम्डन टाउनसारख्या भागांतल्या पबमध्ये एकत्र जमून वाजवू लागले, आणि पबमधल्या सेशनची आजची रीत बरीचशी तिथून घडून मायदेशी परत आली.

सगळ्या सुरावटी सारख्याच वाटतात. ऐकायचे तरी काय?

पहिल्या रात्री असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. थोडी तयारी करून गेल्यास फरक लवकर कळू लागतो.

आधी लय ओळखावी. ‘जिग’मध्ये तीन-तीनचे दोन गट असतात. दादऱ्याच्या सहा मात्रा ज्याच्या कानात आहेत त्याला ती चटकन सापडते, फक्त गती बरीच जलद असते. ‘स्लिप जिग’मध्ये तीनचे तीन गट असतात. ‘रील’ चारच्या हिशेबात, सलग वाहत्या पाण्यासारखी चालते, आणि क्लेअरमध्ये सर्वाधिक ऐकू येते ती हीच. ‘हॉर्नपाइप’ही चारच्याच हिशेबात असते, पण तिच्यात झोका असतो.

मग बांधणी ऐकावी. बहुतेक सुरावटींना दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा, आणि तो दोनदा वाजतो. दुसरा भाग पुष्कळदा वरच्या सप्तकाकडे चढतो. आपल्याकडच्या बंदिशीतला स्थायी आणि अंतरा आठवला तर हे चढणे ओळखीचे वाटेल. स्वरांच्या दृष्टीने पाहिले तर बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी या चार थाटांत जवळजवळ सगळ्या सुरावटी बसतात. हा केवळ स्वरसंचाचा सारखेपणा आहे. आलाप, रागविस्तार असे काही इथे नसते, तेव्हा रागाच्या अपेक्षेने ऐकू नये.

खरी गंमत पुनरावृत्तीत आहे. तीच सुरावट तिसऱ्यांदा येते तेव्हा चांगला वादक एखादा स्वर किंचित लांबवतो, एखाद्या जागी बोटाचा झटकन स्पर्श करून स्वर तोडतो, एखादा स्वर वरखालच्या शेजाऱ्यांनी गुंडाळून घेतो. ‘कट’ आणि ‘रोल’ अशी त्यांची नावे आहेत. हे बदल इतके बारीक असतात की पहिल्या आवर्तनाकडे नीट लक्ष दिले असेल तरच तिसऱ्यात ते दिसतात. म्हणून माझी विनंती आहे की एका रात्री चार पब फिरण्याऐवजी एकाच टेबलाजवळ दोन-तीन तास बसावे.

पूर्व क्लेअरची शैली वेगळी म्हणजे कशी?

संथ. आयर्लंडच्या अन्य भागांत, विशेषतः उत्तरेकडे डोनेगॉलमध्ये, रील झपाट्याने आणि धारदार गजाने वाजते. फीकल-टल्ला भागात मात्र सुरावटीला श्वास घ्यायला जागा दिली जाते, कोमल स्वरांकडे झुकणाऱ्या सुरावटी अधिक आवडीने वाजवल्या जातात आणि त्यात एक प्रकारचा एकाकीपणा असतो, ज्यासाठी इथले लोक ‘लोन्सम’ हाच शब्द वापरतात. त्याच वेळी नाचणाऱ्याच्या पायाला हवी ती उचलही त्यात टिकलेली असते. दुःख आणि नाच एकाच सुरावटीत कसे नांदतात, हे मला तरी इथेच पहिल्यांदा उमगले.

कोणकोणती वाद्ये दिसतील?

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाजवण्याची पद्धत वेगळी, वाद्य तेच. बासरी लाकडी आणि आडवी असते, टिन व्हिसल ही सहा भोकांची धातूची उभी शिट्टी. कॉन्सर्टिना हे क्लेअरचे खास वाद्य, आणि तिच्यात आपल्या बाजाच्या पेटीप्रमाणेच धातूच्या मोकळ्या पत्त्या भात्याच्या हवेने कंप पावतात. बौरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा चौकटीवर ताणलेला डफ, जो बहुधा लहान लाकडी काठीने वाजवतात. बुझुकी हे ग्रीक वाद्य १९६० च्या दशकात या संगीतात आले आणि इथलेच होऊन गेले.

सगळ्यांत निराळे वाद्य म्हणजे इलन पाइप्स. तोंडाने न फुंकता कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरतात, त्यामुळे वादकाला वाजवता वाजवता बोलताही येते. सुरावट वाजत असताना खालून अखंड आधारस्वर चालू असतात, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते फार सुखावतात. या वादनपरंपरेची २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

मी तबला, बासरी किंवा हार्मोनियम वाजवतो. सेशनमध्ये बसता येईल का?

पहिल्या रात्री बसू नये. हे कठोर वाटेल, पण सेशन दिसायला मोकळे असले तरी त्याला अलिखित शिस्त आहे. बहुतेक ठिकाणी दोन-तीन वादकांना पबवाल्याने मानधन देऊन बोलावलेले असते आणि त्यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. त्या रिकाम्या दिसल्या तरी तिथे बसू नये. संगीत कळत नसलेल्या पाहुण्याकडून ही चूक नेहमी होते, आणि कोणी काही बोलत नाही, त्यामुळे ती कळतही नाही.

तालवाद्याबाबत अधिक जपावे. एका वेळी एकच बौरॉन आणि साथीला एकच गिटार किंवा बुझुकी, हा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. या संगीतात लय मुख्यतः सुरावटीतूनच निघते, त्यामुळे तबल्याची भरीव साथ चांगली असली तरी तिथे जड होऊ शकते. दोन-तीन रात्री ऐकून झाल्यावर, ओळख झाल्यावर, प्रमुख वादकाला विचारावे. आपणहून बोलावले गेले तर कृतज्ञतेने आणि हलक्या हाताने वाजवावे. बासरीवाल्यांनी लक्षात ठेवावे की या संगीताचे घर म्हणजे पाश्चात्त्य डी आणि जी या पट्ट्या. व्हायोलिनवाल्यांना तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावून घ्याव्या लागतील.

ज्यांना खरोखर वाजवायचे आहे त्यांनी डी पट्टीची टिन व्हिसल विकत घ्यावी. ती अगदी स्वस्त मिळते. दोन-तीन सोप्या सुरावटी घरीच बसवून गेल्यास नवशिक्यांसाठीच्या संथ सेशनमध्ये बसता येते.

कार्यशाळांमध्ये नोटेशन वाचता यावे लागते का?

नाही, आणि भारतीय पद्धतीने शिकलेल्यांना इथे उलट फायदा होतो. शिक्षक एक ओळ वाजवतात, वर्ग ती कानाने उचलतो, मग दुसरी ओळ. मुखोद्गत करणे हीच मूळ पद्धत आहे. लेखी संग्रह आहेत, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेल्या फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली छापलेला १८५० सुरावटींचा संग्रह. पण वर्गात कागद समोर ठेवून वाजवणारा विद्यार्थी मागे पडतो. ध्वनिमुद्रणाची परवानगी वर्गात बहुतेक वेळा मिळते, तरी विचारावे. वर्गांची नोंदणी आधीच करावी.

नाच येत नसेल तर ‘केली’ला जावे का?

जरूर जावे. केली म्हणजे सामूहिक नाचाची रात्र. क्लेअरमध्ये ‘सेट डान्स’ चालतो. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि एकामागून एक ठरलेल्या आकृत्या नाचतात. ‘कॅलिडोनियन’ हा क्लेअरचा लाडका सेट. दुपारच्या नाचवर्गाला एकदा हजेरी लावली तर रात्री मैदानात उतरण्याइतपत अंदाज येतो. कोणी वयस्कर माणसाने हात पुढे केला तर संकोच न करता तो धरावा, कारण ते लोक नवख्याला हळूच खांद्याला धरून योग्य दिशेला वळवतात आणि चूक मनावर घेत नाहीत. रबरी तळव्याचे बूट फिरताना अडकतात, म्हणून गुळगुळीत तळव्याचे हलके बूट बरोबर असू द्यावेत. दोन सेटनंतर घाम निथळतो, तेव्हा एक जादा सदराही ठेवावा.

सेशनमध्ये मध्येच कोणी गाऊ लागले तर?

लगेच शांत व्हावे. मध्येच कोणीतरी ‘क्यूनस’ म्हणते, म्हणजे शांतता, आणि एका क्षणापूर्वी गजबजलेला पब असा गप्प होतो की बाहेरच्या रस्त्यावरची मोटार ऐकू यावी. गाणारा बहुधा बसल्या जागीच, डोळे मिटून, कोणत्याही साथीशिवाय गातो. आयरिश भाषेतल्या अशा जुन्या गायकीला ‘शान-नोस’ म्हणतात, अर्थ ‘जुनी रीत’. ओळी संपता संपता शेजारचा कोणी हलक्या आवाजात ‘मा हू’ म्हणतो, म्हणजे शाब्बास. आपल्याकडच्या ‘वाहवा’चे काम तो शब्द करतो.

एके रात्री माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्थलांतरावरचे एक लांबलचक गाणे म्हटले. गाताना त्यांच्या डाव्या हाताची बोटे टेबलाची कड घट्ट धरून होती आणि शेवटची ओळ त्यांनी गाऊन न म्हणता साध्या बोलण्यात संपवली. शेवट असा बोलून करणे ही तिथली जुनी लकब आहे, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र त्यांना पुढे गाववेना, असेच मला वाटले होते.

गाणाऱ्याला पुढच्याचे नाव पुकारण्याचा मान असतो, आणि पाहुण्याचे नाव पुकारले जाण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा एक मराठी गाणे तयार ठेवावे. साथीवाचून उभे राहील असे निवडावे. जात्यावरच्या ओव्या, एखादा अभंग, अंगाई चालेल. ठेक्यावर अवलंबून असलेले गाणे तिथे पांगळे होते. आधी दोन वाक्यांत अर्थ सांगावा आणि तीन-चार कडव्यांत थांबावे. दळण दळताना बाई माहेराची आठवण काढते, एवढे सांगितले तरी त्या खोलीतल्या लोकांना पुरते, कारण घरापासून दूर जाणे हाच त्यांच्याही गाण्यांचा निम्मा विषय आहे.

चित्रीकरण करावे का?

आधी विचारावे. एखादा सेट ध्वनिमुद्रित करण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण फोन वादकाच्या चेहऱ्यासमोर धरू नये, फ्लॅश वापरू नये आणि गाणाऱ्याचे चित्रीकरण तर टाळावेच.

मी मद्यपान करत नाही. पबमध्ये बसणे विचित्र दिसेल का?

अजिबात नाही. आयर्लंडमध्ये न पिणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे आणि चहा मागितला तर भरभरून किटली येते, कडक आणि दुधाचीच. रात्रभर जागा अडवून काहीच न घेणे मात्र बरे नव्हे. थोड्या थोड्या वेळाने काही ना काही मागवावे. वादकांचे संगीत आवडले तर त्यांना काय हवे ते विचारून एखादे पेय पाठवण्याची पद्धत आहे, आणि तेही चहा असू शकते.

लहान मुलांना नेता येते का?

दिवसाचे कार्यक्रम मुलांसाठी उत्तम आहेत. पबबाबत कायदा असा आहे की अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊनंतर बारमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर या काळात ही मर्यादा दहापर्यंत असते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांबरोबर पालक असावे लागतात. धुराची काळजी नको, कारण २००४ पासून पबमध्ये धूम्रपानाला बंदी आहे.

शाकाहारी माणसाचे काय?

उपाशी राहावे लागत नाही, पण निवड मर्यादित असते. भाज्यांचे सूप आणि सोडा घालून केलेला गव्हाचा जाडसर तपकिरी पाव सर्वत्र मिळतो. सूप कोंबडीच्या अर्कात केलेले आहे का आणि बटाट्याच्या चिप्स जनावराच्या चरबीत तळल्या आहेत का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत; कोणी वाईट मानत नाही. रात्री नऊनंतर खेडेगावातले स्वयंपाकघर बंद झालेले असते, म्हणून सात वाजता जेवून घ्यावे.

घरून खाऊ नेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. तेलात केलेला चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी यांना ही अडचण येत नाही.

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आणि याच गैरसमजामुळे अनेकांचे बेत फसतात. नव्वद दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी अल्पमुदतीचा ‘सी’ प्रकारचा व्हिसा असतो आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. ऑगस्टमध्ये जायचे तर मे महिन्यातच कागदपत्रे तयार असावीत. भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची एक संयुक्त योजना आहे. तिची खूण असलेल्या व्हिसावर दोन्ही देशांत जाता येते, मात्र पहिला प्रवेश ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात करावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी आयर्लंडच्या इमिग्रेशन सेवेचे संकेतस्थळ पाहावे.

फीकलला पोहोचायचे कसे?

मुंबईहून दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे डब्लिन गाठणे सोयीचे. डब्लिनहून मोटारीने सुमारे अडीच तास लागतात. आगगाडीने लिमरिक किंवा एनिसपर्यंत येता येते. पुढे ग्रामीण भागात ‘लोकल लिंक’ची बससेवा आहे, पण फेऱ्या कमी असतात. ब्रिटन किंवा अमेरिकेहून येणाऱ्यांनी शॅनन विमानतळ पाहावा, कारण तिथून फीकल पाऊण-एक तासावर आहे.

वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तात्पुरत्या भेटीवर आलेल्याला भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते, तरी भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी आधी विचाराव्यात. गावाकडचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडे असतात आणि समोरून ट्रॅक्टर येतो. मद्य घेऊन गाडी चालवण्याबाबतचा कायदा कडक आहे. रात्री एक वाजता टॅक्सी मिळेल या भरवशावर मात्र राहू नये.

राहण्याची सोय?

इथेच बहुतेकांची फजिती होते. गावात खोल्या मोजक्या आहेत आणि नेहमी येणारी मंडळी त्या वर्षभर आधी सांगून ठेवतात. आसपासच्या टल्ला, स्कॅरिफ, किललू या गावांत घरगुती न्याहारीसह खोल्या मिळतात. ईमेलला उत्तर आले नाही तर सरळ फोन करावा. शक्य असेल तर चालत जाता येईल अशीच जागा घ्यावी, थोडी महाग पडली तरी. उत्तम सेशन पुष्कळदा मध्यरात्रीच्या आसपास रंगते, आणि ज्याला बाराला गाडी गाठायची आहे त्याच्या हातून नेमका तोच भाग निसटतो.

हवामान?

ऑगस्टमध्ये दिवसा साधारण अठरा-एकोणीस अंश आणि रात्री बारा-तेरा. पाऊस एका दिवसात चारदा येऊन जातो. जलरोधक जाकीट घ्यावे, छत्री वाऱ्यात टिकत नाही. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

तिकिटे?

मैफली, केली आणि कार्यशाळांना तिकीट असते, सेशन मोफत असते. थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

संगीताशिवाय परिसरात पाहण्यासारखे काही आहे का?

आहे, आणि सकाळचा वेळ त्यासाठीच वापरावा. आयरिश भाषेतले कवी ब्रायन मेरिमन फीकलजवळ शाळामास्तर होते. १७८० च्या सुमारास त्यांनी सुमारे हजार ओळींचे एक दीर्घकाव्य रचले, ज्यात स्त्रिया परीराणीच्या दरबारात पुरुषांवर खटला भरतात. काव्याची सुरुवात होते ती लॉख ग्रेनी या सरोवराच्या काठावर. ते सरोवर गावापासून जवळच आहे आणि सकाळी तिथे धुके उतरलेले असते. मेरिमन १८०५ साली वारले. त्यांचे दफन फीकलच्या दफनभूमीत झाले. १८७४ साली वारलेली बिडी अर्ली ही झाडपाल्याचे औषध देणारी, निळ्या बाटलीत भविष्य पाहणारी बाईही याच भागातली. तिच्याविषयीच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकाव्यात.

हाताशी एकच रात्र असेल तर काय करावे?

दुपारी चारपर्यंत गावात पोहोचावे आणि सातला जेवून घ्यावे. मैफलीचे तिकीट काढू नये. नऊ वाजता पेपर्स या जुन्या पबमध्ये किंवा जिथे आधी जागा मिळेल तिथे, वादकांच्या टेबलापासून दोन हात अंतरावर, भिंतीला टेकून बसावे. फोन खिशात ठेवावा. पहिला तासभर फक्त एकाच वादकाकडे, शक्यतो फिडलवाल्याच्या गजाच्या हाताकडे पाहत राहावे. अकराच्या सुमारास जागा सोडावीशी वाटेल, तेव्हा उठू नये.